घरात कुणी नाही

शैलेंद्र देवस्थळीने आपल्या आईचं गॅसचं बिल मीटिंगरूमच्या मोठ्या पडद्यावर लावलं आणि सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या. रुपालीने वाजवल्या नाहीत. तिने दोन्ही हात शालीत आणखी आत ओढून घेतले. एक तर सिंगापुरातल्या बुओना व्हिस्टाच्या त्या ऑफिसात एसी असा सोडलेला असायचा की माणसं बारा महिने स्वेटर घालून बसायची. दुसरं म्हणजे, हात मोकळे राहिले असते तर तिने समोरचा बर्फीचा डबा भिरकावला असता.

बर्फी शैलेंद्रनेच आणली होती, लिटिल इंडियातून. आईचं बिल निम्म्यावर आलं म्हणून. इंग्लंडच्या उत्तरेला धाकट्या भावाकडे, प्रतापकडे, त्याची आई राहायला गेली होती आणि नोव्हेंबरात त्या घरात कंपनीची डबी बसवली होती. तिकडे चाचणीसाठी निवडलेल्या, म्हाताऱ्या माणसांच्या सगळ्या घरांत सर्वांत जास्त बचत आईच्या घरात झाली होती. शैलेंद्रची छाती अभिमानाने फुगली होती आणि रुपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

डबी म्हणजे भिंतीवर लावायची पांढरी, तळहाताएवढी वस्तू. तिला खोलीतली हालचाल कळायची. वीस मिनिटं काही हललं नाही की ती ठरवायची, घरात कुणी नाही, आणि यंत्र बंद करायची. हलताना माणूस दिसला की पुन्हा सुरू. सिंगापुरात ती एसी बंद करायची, थंड देशात घर तापवणारं हीटिंग. रिकामं घर कशाला गार करायचं, रिकामं घर कशाला तापवायचं, वाचवा पैसे. कल्पना शैलेंद्रची, नियम शैलेंद्रचा, आणि २०१७ सालच्या त्या डिसेंबरात कौतुकही सगळं शैलेंद्रचंच चाललं होतं. पुढच्या सोमवारी हीच डबी इंग्लंडमधल्या एका संस्थेच्या हजारो घरांत सुरू व्हायची होती. घरं कुणाची? एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची. ऐन थंडीत.

रुपाली ऑगस्टमध्ये या कंपनीत लागली. काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूत चुका काढायचं. असं काम करणाऱ्या माणसावर कोण खूश असतं? पण शैलेंद्रने तिला मुद्दाम घेतलं होतं. "आपल्या लोकांना आपण नाही पुढे आणायचं तर कुणी?" असं तो तिला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, आणि त्यानंतर दर आठवड्याला म्हणत होता. ऑफिसात सगळे त्याला नुसतं शैलेंद्र म्हणायचे. अकोल्याच्या रुपालीच्या तोंडचं 'सर' काही केल्या सुटत नव्हतं.

कंपनीने प्रत्येकाला घरी लावायला एक डबी दिली होती. आंग मो किओमधल्या रुपालीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिने हॉलच्या भिंतीला लावली. दिवाळीनंतर तिचे बाबा, पद्माकर, तिच्याकडे आले. एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे, बसले की उठायचा कंटाळा. ते दुपारी सोफ्यावर पेपर वाचत बसायचे, डबीला वाटायचं कुणी नाही, एसी बंद. पाच मिनिटांत बाबांना घाम फुटायचा. मग ते उठायचे, पेपराने वारा घ्यायचे, खिडकीपाशी जायचे, सिंगापूरच्या हवेला दोन शिव्या हासडायचे. त्या गडबडीत डबीला ते दिसायचे आणि एसी सुरू व्हायचा.

"तुझ्या या देवाला मला रोज ओवाळावं लागतं," बाबा म्हणायचे आणि रिकामं ताम्हण धरल्यासारखे डबीपुढे हात फिरवायचे. बापलेक पोट धरून हसायचे. ही गंमत रुपालीने ऑफिसात सांगितली तेव्हा तिथेही सगळे हसले.

मग एका शनिवारी ती बाबांना आणायला जवळच्या लायब्ररीत गेली. तिथला गारठा म्हणजे विचारू नका. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत अंगाचं मुटकुळं करून बसले होते. पंचा डोक्यावरून घेतलेला, हात काखेत, पेपर मांडीवर उघडा. तिने लांबून पाहिलं, ते वाचत होते. मग पान संपलं असावं, कारण ते नुसतेच समोर बघत राहिले. पान उलटायला हात बाहेर काढावा लागला असता.

"बाबा, कधीचे बसलात असे? उठून जरा फिरायचं तरी. घरी तर सारखे उठबस करता."

"घरी उकडतं म्हणून उठतो. गारठ्यात कोण उठतं, बाई? हललं की जास्त वाजते."

रुपाली तिथेच उभी राहिली. तिला आधी नीट कळलं नाही, मग एकदम कळलं. उकाड्यात माणूस उठतो, म्हणून सिंगापुरात डबीची चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. थंडीत माणूस पांघरुणात शिरतो आणि हलायचं थांबतो. डबी म्हणते कुणी नाही, हीटिंग बंद करते. गारठा वाढतो, माणूस आणखी आखडतो, डबीची आणखी खात्री पटते. हा खेळ आपोआप थांबत नाही.

सोमवारी तिने पहिलं काम केलं ते ऑफिसच्या भिंतीवरचा फोटो बघायचं. कंपनीने थंडीतली चाचणी जूनमध्ये घेतली होती, ती यायच्या आधी. आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमध्ये एक शीतखोली भाड्याने घेऊन तिच्यात सोफा, गालिचा, हीटर मांडला होता. फोटोत सगळी टीम होती. भाड्याची जाड जाकिटं घातलेली, तोंडातून वाफा काढणारी, चक्क उड्या मारणारी. जन्मात पहिल्यांदा थंडी बघितलेली तरुण पोरं, ती उड्या मारणार नाहीत तर काय! डबीने त्यांना पुरेपूर ओळखलं होतं आणि चाचणी उत्तम पास झाली होती. सोफ्यावर कुणीही बसलेलं नव्हतं.

ती शैलेंद्रकडे गेली आणि सगळं सांगितलं. त्याने लॅपटॉपवरची नजर काढली नाही.

"रुपाली, थंडीत माणूस हालचाल करतो. हात चोळतो, चहा करतो. कॉमन सेन्स आहे."

"सर, तरुण माणूस करतो. ऐंशी वर्षांचा माणूस मांडीवर ब्लँकेट घेऊन बसतो. एकदा कुणाला तरी त्या खोलीत नुसतं बसवून बघू या."

"त्या खोलीचं एका दिवसाचं भाडं माहितीये तुला?" मग तो हसला. "आणि तू थंडी बघितलीयेस कधी? अकोल्यात?"

रुपालीची कानशिलं तापली. स्वतः हा माणूस जन्मात एकदा इंग्लंडला गेला होता, दहा दिवस, तेही जुलैत. बाकी थंडीचा अनुभव म्हणजे पुण्यातली डिसेंबरची सकाळ आणि मफलर. आणि हा तिला अकोला ऐकवत होता!

"नसेल बघितली. पण तुम्हीही नाही बघितलीत, आणि तरी नियम करून मोकळे झालात."

तेव्हा कुठे त्याने मान वर केली. आवाज मात्र गोडच ठेवला, आणि तेच जास्त लागलं. "हे बघ, मार्चमध्ये तुझा पास रिन्यू करायचाय ना? मी आपलं माणूस म्हणून तुझ्यासाठी शब्द टाकतो. आणि लॉन्चच्या तोंडावर आपल्याच माणसाने असे पाय ओढायचे? मोठं चित्र बघायला शीक."

ती बाहेर आली. पास, म्हणजे तिथे काम करायचा परवाना, कंपनीचा होता आणि कंपनीत शैलेंद्रचा शब्द चालत होता. पास गेला की नोकरी गेली, नोकरी गेली की महिनाभरात फ्लॅटला कुलूप लावून अकोला. अख्खा आठवडा तिने दातओठ खाऊन काढला. घरी बाबा डबीला ओवाळायला उठले की तिला हसू यायचं बंद झालं. एकदा तर ती त्यांच्यावरच ओरडली, आणि बिचारे बाबा खुर्चीत बसून राहिले.

आणि आता हे बिल. ही बर्फी.

"सर्वांत जास्त बचत," शैलेंद्र पडद्यासमोर उभा राहून इंग्रजीत सांगत होता, "आणि वापरणारी व्यक्ती एकोणऐंशी वर्षांची. ज्यांना शंका होत्या त्यांच्यासाठी माझी आई हेच उत्तर आहे." हे म्हणताना त्याने रुपालीकडे बघून स्मित केलं. शेजारी बसलेली प्रोग्रॅमर वेई लिंग बर्फी खात, बिलाकडे बघत म्हणाली, "वाह, सो चीप आह!"

रुपाली उठून उभी राहिली. आपण उठणार आहोत हे तिलाही माहीत नव्हतं.

"तुमच्या आई दिवसभर घरी असतात ना?" तिने इंग्रजीतच विचारलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

"हो. प्रताप आणि त्याची बायको दोघं डॉक्टर आहेत, सकाळी जातात. आई घरीच. गुडघे दुखतात, फारशी बाहेर पडत नाही."

"मग घर रिकामं कधी असतं?"

शैलेंद्रने स्मित तसंच ठेवून पुढची स्लाइड लावायला रिमोट उचलला.

"घरात माणूस दिवसभर आहे. घर कधी रिकामंच नाही. मग ही बचत कुठून आली?"

कुणीतरी बर्फीचा कागद चुरगळला.

"बस खाली," शैलेंद्र मराठीत म्हणाला, हळू आणि धारदार. "हा तमाशा इथे नको."

"तमाशा तुम्ही मांडलाय, सर. आईचं बिल लावून." रुपालीही मराठीत आली, आणि मराठीत आल्यावर तिचा आवाज आवरेना. "आत्ता तिथे सकाळचे नऊ वाजलेत. ते घर लावा ना पडद्यावर! बचत दाखवता, तर घरही दाखवा!"

इतरांना शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. रुपालीने घराचं इंग्रजीत सांगितलं, तशी वेई लिंगने लॅपटॉप पुढे ओढला आणि ते घर पडद्यावर आणलं. एक करडा चौकोन. त्यावर इंग्रजीत दोन ओळी, घरात कुणी नाही, हीटिंग बंद. खाली खोलीचं तापमान अकरा अंश.

"बाहेर गेली असेल," शैलेंद्र म्हणाला.

"गुडघे दुखतात ना त्यांचे? फोन लावा."

"रुपाली, तू मर्यादा सोडते आहेस. पासचं विसर मग."

"विसरले. लावा फोन."

त्याने तो लावला. रागाने लावला, हिला एकदाची खोटी पाडावी म्हणून लावला, आणि तोही मोठ्या पडद्यावर, करड्या चौकोनाच्या शेजारी. रिंग वाजत राहिली. त्याचा चेहरा उजळायला लागला होता, तेवढ्यात फोन उचलला गेला.

पडद्यावर आधी छताचा एक कोपरा आला, मग टॅबलेट सरळ झाला आणि खुर्चीत बसलेली आई दिसली. कानटोपी, तिच्यावरून शाल, मांडीवर गोधडी, तीही पार हनुवटीपर्यंत. टॅबलेट खुर्चीला लागूनच स्टुलावर असावा, कारण गोधडीतून एक बोट तेवढं बाहेर आलं होतं आणि लगेच आत गेलं. शेजारचा चौकोन करडाच होता. घरात कुणी नाही.

"शैलू? या वेळी कसा रे? बरं आहे ना सगळं?"

"आई, तू... थंडी वाजतेय का तुला?"

"नाही रे. बसलेय छान." नाक लाल झालेलं पडद्यावरही दिसत होतं. "सवय होते हळूहळू."

"आई, हीटिंग बंद आहे तिथे."

"हो, ते रोजच होतं. प्रताप जातो आणि थोड्या वेळाने बंद होतं. संध्याकाळी तो आला की सुरू." आई जरा थांबली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "तूच तिकडून बंद करतोस ना, बिल कमी यावं म्हणून? कळलं मला. मी आले आणि प्रतापचं बिल वाढलं, तो बोललासुद्धा एकदा. तू ते यंत्र पाठवलंस तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, भावाभावांत माझ्यावरून वाद नको. म्हणून प्रतापला नाही बोलले काही. तू लक्ष ठेवतोयस एवढ्या लांबून, ते काय कमी आहे का?"

वेई लिंगने रुपालीला कोपराने ढोसलं आणि विचारलं, काय म्हणतायत त्या?

रुपालीने सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. "त्या म्हणतायत, त्यांना वाटलं त्यांचा मुलगाच सिंगापुरातून त्यांचं हीटिंग रोज बंद करतो. पैसे वाचवायला. म्हणून त्या गप्प बसून आहेत. थंडीत. नोव्हेंबरपासून." वेई लिंगने हातातली अर्धी बर्फी टेबलावर ठेवली.

"आई," शैलेंद्र पडद्याजवळ जात म्हणाला, "एक हात वर कर. त्या भिंतीवरच्या डबीकडे बघून हलव जरा. जोरात."

आईला काही कळलं नाही, पण मुलगा सांगतोय म्हणून तिने गोधडी बाजूला केली, बाही सावरली आणि हात उंच करून हलवला. नातवंडांना गाडीत बसवून देताना हलवतात तसा, तोंडभर हसून. एक, दोन क्षण गेले आणि पडद्यावरचा चौकोन हिरवा झाला. हीटिंग सुरू.

शैलेंद्र झटकन वेई लिंगकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "त्या घराचा नियम काढून टाक. आत्ता. फक्त ते घर वेगळं कर, बाकीचं आपण नंतर—"

"फक्त ते घर?"

रुपालीने ते इतक्या जोरात विचारलं की काचेपलीकडे शेजारच्या ऑफिसातली माणसंही वळून बघायला लागली. तिला वाटलं होतं, आईला बघून याचे डोळे उघडतील आणि आपला राग उतरेल. उतरायचं राहिलं बाजूला, आठवडाभर दाबलेलं सगळं उसळून वर आलं.

"फक्त तुमची आई? आठवड्यापूर्वी मी घसा फोडून सांगत होते तेव्हा मोठं चित्र बघ म्हणालात. हे घ्या मोठं चित्र!" तिने वेई लिंगचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि चाचणीतली सगळी घरं पडद्यावर लावली. करडे चौकोन, एकाखाली एक. "यातलं कुठलं घर रिकामं आहे, सांगा मला. सांगा ना! यांचे मुलगे नाहीत या कंपनीत. यांना कोण फोन करणार, सर? आणि सोमवारी हजारो घरांत हेच. त्यांनी कुणाकडे बघून हात हलवायचे?"

शैलेंद्रने ते चौकोन वरपासून खालपर्यंत वाचले. मग तो खुर्ची ओढून खाली बसला. लॉन्चचा सोहळा, गुंतवणूकदार, जानेवारीतला त्याचा स्वतःचा बोनस, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून सरकताना रुपालीला दिसलं, आणि तिला त्याची काडीची दया आली नाही.

"सगळीकडचा काढ," तो शेवटी म्हणाला. "नियम सगळ्या घरांतून काढ. सोमवारचं रद्द. त्यांना मी सांगतो."

"आत्ता सांगा. माझ्यासमोर."

त्याने मान हलवली आणि मोबाइल शोधायला लागला. वेई लिंगची बोटं कीबोर्डवर चालायला लागली होती. पडद्यावर एकेक चौकोन हिरवा होत होता, आणि प्रत्येक चौकोन हिरवा होताना रुपालीला समाधान वाटायच्या ऐवजी संतापच येत होता, की इथेही कुणीतरी होतं, इथेही कुणीतरी बसलं होतं. शाल केव्हाच खाली पडली होती.

या सगळ्या गडबडीत फोन बंद करायचा राहून गेला होता. पडद्याच्या कडेला आई अजून हात हलवत होती. हात आता खांद्याच्या वर जात नव्हता, दुसऱ्या हाताने तिने कोपर धरलं होतं, पण नजर भिंतीवरच्या डबीवरून हललेली नव्हती.

"शैलू," ती म्हणाली, "गरम यायला लागलं बरं का. आता हात खाली घेऊ का रे? दुखायला लागला."